प्रस्तावना : प्रश्न विचारण्याच्या वयातला धर्म

मुलांना धर्म कसा शिकवावा, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी पिढ्यानपिढ्या सोडवला गेला. त्याचा शिस्तशीर अभ्यास मात्र अलीकडे होऊ लागला आहे. या अभ्यासात पाऊल टाकणाऱ्या वाचकांत आईवडील असतील, शिक्षक असतील, बालसंस्कार वर्ग चालवणारे ताई-दादा असतील आणि विद्यापीठांतले संशोधकही. या क्षेत्रात काय काय येते, त्याची साधने कोणती आणि कोणते काम अजून व्हायचे आहे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

पहिले क्षेत्र घराचे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून म्हटलेली शुभंकरोती, रामरक्षा, जेवणाआधीचा श्लोक, चातुर्मासात आजीने सांगितलेल्या कहाण्या. इथे समजावणे थोडे आणि सवय फार. मूल अर्थ कळायच्या आधी लय, उच्चार आणि हात जोडणे उचलते. समर्थ रामदासांचे मनाचे 205 श्लोक पाठ करणाऱ्या मुलाला त्यातले वैराग्य त्या वयात कळत नाही, कळावे अशी अपेक्षाही नसते. ते शब्द पुढे कधी तरी, गरजेच्या वेळी, आपोआप ओठांवर येतात. पाठांतराचे खरे मोल एवढेच, आणि ते कमी नाही.

दुसरे क्षेत्र समाजाचे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात तत्त्व मांडायचे आणि उत्तररंगात आख्यान सांगायचे, ही रचना मोठ्यांइतकीच मांडीवर बसलेल्या मुलांनाही शिकवत आली. वारकरी संप्रदायात लहान मुले टाळ घेऊन मोठ्यांच्या शेजारी उभी राहतात आणि उभे राहूनच शिकतात. विष्णुबुवा जोग यांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि या शिक्षणाला शाळेचे रूप मिळाले. छापील पुस्तकांनीही मोठा वाटा उचलला. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्या पुस्तकात धर्म आईच्या रोजच्या वागण्यातून येतो, म्हणून तो मुलांना परका वाटत नाही. 1967 पासून अनंत पै यांच्या ‘अमर चित्र कथा’ने पुराणे आणि महाकाव्ये चित्रांच्या चौकटींत आणली. ज्यांच्या घरात कथा सांगणारे कोणी उरले नव्हते, अशा कितीतरी मुलांना त्या पुस्तिकांनी आधार दिला.

लहानग्यांसाठी आपल्याजवळ असे भरपूर आहे. या क्षेत्रातली खरी उणीव पुढच्या वयात जाणवते. तेरा-चौदाव्या वर्षी मुले विचारू लागतात : एकलव्याने अंगठा का द्यावा? निर्दोष सीतेला वनात का पाठवले? देव आहे हे कशावरून? पुष्कळ घरांत आणि वर्गांत याला उद्धटपणा समजून गप्प केले जाते, किंवा सणांची शास्त्रीय कारणे सांगून वेळ मारून नेली जाते. ही कारणे बहुधा ओढूनताणून आणलेली असतात आणि विज्ञान शिकणारे मूल ती चटकन ओळखते. तिथे त्याचा विश्वास उडतो, आणि तो सांगणाऱ्यावरचाही उडतो.

आपले मूळ ग्रंथ या बाबतीत आपल्यापेक्षा धीट आहेत. कठोपनिषदात नचिकेत हा मुलगा बापाच्या दानातली खोट दाखवतो, आणि यमाने धन, राज्य, दीर्घायुष्य देऊ केले तरी मृत्यूविषयीचा प्रश्न सोडत नाही. छांदोग्यात श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरूकडे जातो आणि चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून ताठ्याने परततो. वडील उद्दालक त्याला रागावत नाहीत. ते त्याला पंधरा दिवस नुसत्या पाण्यावर ठेवतात, मग वेद आठवायला सांगतात. त्याला काही आठवत नाही. जेवल्यावर सारे आठवते. वडाचे फळ फोडून पाहणे, पाण्यात विरघळलेले मीठ चाखणे, हे पाठही असेच करून पाहायचे. महाभारतात द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते आणि भीष्मालाही नीट उत्तर देता येत नाही. व्यासांनी ती अडचण झाकलेली नाही. ज्ञानेश्वरी 1290 सालची, म्हणजे रूढ जन्मसाल धरले तर ज्ञानदेव तेव्हा पंधराच्या आसपास होते. रुसून ताटी लावून बसलेल्या या भावाची समजूत धाकट्या मुक्ताईने काढली. किशोरवयाला अध्यात्म झेपत नाही, असे म्हणायला आपल्या परंपरेत आधार नाही.

आधुनिक मानसशास्त्राचीही इथे मदत होते. जेम्स फाउलर यांनी 1981 साली श्रद्धेच्या विकासाचे टप्पे मांडले : लहानपणी कथा शब्दशः खरी वाटते, किशोरवयात आपल्या गटाची श्रद्धा आपली होते, आणि पुढे ती स्वतः तपासून घ्यावी लागते. मात्र त्यांचा अभ्यास मुख्यतः अमेरिकेतल्या ख्रिस्ती आणि ज्यू लोकांवर आधारलेला होता. अनेक देव, कुलाचार, उपवास आणि एकत्र कुटुंब यांत वाढणाऱ्या मुलाची वाट तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. ती वाट आपणच शोधायला हवी.

या क्षेत्रात येणाऱ्याने दोन जबाबदाऱ्या पत्कराव्यात. पहिली सत्याची. शतकानुशतके वेदाध्ययन आणि उपनयन स्त्रिया व शूद्रातिशूद्रांना नाकारले गेले. संत चोखोबांना देवळाबाहेर उभे राहावे लागले. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावे लागले. हा इतिहास वगळून शिकवलेली समता मुलांना खरी वाटणार नाही. तो सांगून, गुरुजींचे उपोषणही त्याच धर्मातून आले हे दाखवले, तर वाटेल. ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने मुलगे आणि मुली दोघांसाठी उपनयनासारखा विद्याव्रत संस्कार सुरू केला, हे याच दिशेचे पाऊल. दुसरी जबाबदारी मर्यादेची. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ते काम घर, संप्रदाय आणि ऐच्छिक वर्ग यांचे आहे, आणि ते तिथेच चांगले होते.

परदेशातल्या मराठी घरांत हे प्रश्न अधिक धारदार होतात. तिथल्या मुलाला वर्गमित्र विचारतात की तुमचे देव इतके कसे, आणि उत्तर द्यायला शेजारी आजी नसते. चिन्मय मिशनचे बालविहार आणि उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळा यांनी यातून जे अनुभव जमवले, ते इथल्या शिक्षकांनीही अभ्यासावेत.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळे सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. आपल्या मुलांनाही हेच स्वातंत्र्य द्यायला हवे. म्हणून वाचकांना एक विनंती : मुले धर्माविषयी जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि उत्तर येत नसेल तर तसे सांगून त्यांच्याबरोबर शोधायला बसा. या क्षेत्राचा पुढचा अभ्यास त्या नोंदींतूनच उभा राहणार आहे.