स्टोव्हची पिन आणि स्टोव्हचा भडका



आपल्या वयाच्या बहुतेक बायकांना स्टोव्ह दुरुस्त करता येत असे, पण ते ज्ञान म्हणून कुणी मोजलं नाही. म्हणून आज पितळी स्टोव्हविषयी लिहिते.

हा पंपाचा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी तो १८९२ साली बनवला, नाव प्रायमस. त्याला वात नसते. पंपाने टाकीत हवा भरली की रॉकेल तापलेल्या बर्नरमध्ये चढतं, तिथे त्याची वाफ होते आणि निपलच्या बारीक भोकातून येऊन निळी जळते. आपल्याकडे रॉकेल विकणारी मोठी कंपनी म्हणजे बर्मा-शेल. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. तीच आजची भारत पेट्रोलियम.

माझं माहेर शिरूर, आजीच्या तोंडी कायम घोडनदी. सासर दौंड. घोडनदीला रेल्वे नाही, तिथे चूल आणि सरपण. दौंड जंक्शनचं गाव, तिथे शेगडी आणि दगडी कोळसा. पण चातुर्मासात दोन्ही घरांत स्टोव्हच पुढे यायचा. पावसाळ्यात सरपणात, गोवऱ्यांत मुंग्या, वाळवी, नाना किडे. कितीही पुंजून घेतलं तरी मनाला लागायचं. शिवाय स्वयंपाक सूर्यास्ताआधी उरकायचा. स्टोव्हची चावी सैल केली की हवा निघून जाते आणि विस्तव तिथल्या तिथे शांत होतो. अग्निकायाची विराधना तेवढीच कमी, असं सासूबाई म्हणायच्या.

त्याची दुखणीही ठरलेली. पंप मारूनही हवा भरत नाही? आतला चामड्याचा वायसर सुकलाय. काढा, दोन थेंब तेल लावा, बोटाने पसरट करा. पंपाचा दांडा आपोआप वर येतो? तळाचा व्हॉल्व्ह गेला. ज्योत एका बाजूला, फुरफुरणारी? निपलमध्ये कचरा, पिन घाला. पिवळी ज्योत उंच उसळते? बर्नर पुरता तापलाच नाही. वाफेऐवजी कच्चं रॉकेल उडतंय. लगेच चावी सोडा, थंड होऊ द्या, स्पिरिटचा काकडा पुन्हा लावा. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं नाही, हे तर शाळकरी पोरीलाही माहीत.

आता खरं सांगायचं ते. माझं बी.कॉम. झालं, लग्न झालं, त्या सुमारास वर्तमानपत्रात एक ओळ सारखी दिसे: स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. भडके उडत, हे खरंच. त्यात नायलॉनची साडी, वितळून अंगाला चिकटायची. पण घरात वीस-तीस वर्षं स्टोव्ह पेटवणाऱ्या सासूच्या वाट्याला तो भडका क्वचितच यायचा. नव्या सुनेच्याच यायचा. आणि भडका समोरून येतो. पदर पेटतो, हात भाजतात. पाठ आणि केस रॉकेलने भिजतात कसे?

हा प्रश्न देशभर बायकांनी रस्त्यावर येऊन विचारला, तेव्हा कायदा हलला. १९८३ मध्ये विवाहितेच्या छळासाठी ४९८अ आलं. १९८६ मध्ये ३०४ब: लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाई भाजून किंवा संशयास्पद रीतीने मेली, आणि मरणाआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी. नंतर घरोघरी गॅस आला, स्टोव्ह माळ्यावर गेले. ती ओळही छापून यायची कमी झाली. छळ किती कमी झाला, ते आपल्या-आपल्या नात्यागोत्यात बघावं.

त्या काळी पंचनाम्याला पंच म्हणून पुरुषच उभे राहायचे. चावी उघडी होती की बंद, काकडा ओला होता की जळलेला, निपलवर काजळी होती का, टाकीत रॉकेल किती उरलं होतं, यातलं त्यांना काय कळणार? शेजारच्या कुठल्याही बाईला आत बोलावलं असतं, तर तिने नुसत्या स्टोव्हकडे बघून सांगितलं असतं, हा आज पेटलाच नव्हता.