यकृतरक्षक वनस्पती-अर्क

रसायनांमुळे यकृताला होणारी इजा रोखणारे किंवा कमी करणारे वनस्पतिजन्य अर्क. प्रयोगशाळेत ही इजा बहुधा कार्बन टेट्राक्लोराइड देऊन उंदरांत मुद्दाम घडवतात. हे रसायन स्वतः फारसे क्रियाशील नसते. यकृतपेशींतील सायटोक्रोम पी-४५० गटातील विकरे त्याचे ट्रायक्लोरोमेथिल या मुक्त मूलकात रूपांतर करतात. हे मूलक पेशीपटलांतील मेदांचे ऑक्सिडीकरण घडवते, पटल फाटते आणि एएलटी, एएसटी ही विकरे रक्तात उतरतात. अर्क दिलेल्या उंदरांत ती कमी वाढली, तर अर्क गुणकारी ठरवला जातो. मात्र अर्क अनेकदा विषाच्या आधीच पाजलेला असतो आणि त्याने पी-४५०चेच काम मंदावले, तर विषारी मूलक तयारच होत नाही. याला यकृताचे संरक्षण म्हणणे धाडसाचे आहे.

सर्वाधिक अभ्यास सिलिबम मॅरियानम या काटेरी युरोपीय वनस्पतीच्या बियांतील सिलिमरिनचा झाला. त्यातील सिलिबिनिन अमानिटा फॅलॉइडिस या विषारी अळंबीच्या विषबाधेत शिरेतून देतात. ते विषाला यकृतपेशीत शिरू देत नाही. भारतात कुटकीपासून लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ‘पिक्रोलिव्ह’ तयार केले. काविळीवर घरोघरी दिली जाणारी भुईआवळीही उंदरांवरील प्रयोगांत उतरली आहे. माणसांतील पुरावा मात्र तोकडा आहे. यकृताला इजा करणाऱ्या पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेवरही मान्य उतारा असे अर्क नसून एन-ॲसिटिलसिस्टीन हाच असून तो पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत परिणामकारक ठरतो.