भूक, दोष आणि वारसा

आज आपण एका आजाराच्या निमित्तानं ‘कारण’ आणि ‘दोष’ या दोन शब्दांची गल्लत कशी होते ते पाहू. आजार आहे ॲनोरेक्सिया नर्व्होसा. शरीर झिजत असतं, तरी वजन वाढेल या भीतीनं रुग्ण अन्न टाळत राहतो.

१८७३ साली पॅरिसमध्ये लासेग आणि लंडनमध्ये विल्यम गल यांनी जवळजवळ एकाच वेळी त्याचं वर्णन केलं. आज रूढ असलेलं नाव गल यांचं. त्यांचा सल्ला काय, तर रुग्णाला ठरावीक वेळानं खाऊ घाला. पण शुश्रूषेला घरची माणसं नकोत. म्हणजे बघा, नाव मिळालं तेव्हाच संशयाची सुई घराकडे वळली होती. विसाव्या शतकात ती बहुतेक वेळा आईवर येऊन थांबली.

पण मग त्याच घरात, त्याच आईच्या हातचं खाऊन वाढलेली दुसरी मुलगी नीट जेवते, ते कसं? उत्तरासाठी संशोधक जुळ्यांकडे वळले. हुबेहूब जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखी असतात, इतर जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकीच. १९८४ च्या एका ब्रिटिश अभ्यासात हुबेहूब जुळ्या बहिणींच्या १६ जोड्यांपैकी ९ जोड्यांत दोघींनाही आजार होता. इतर १४ जोड्यांपैकी फक्त एकीत. पुढे २०१९ साली १६,९९२ रुग्णांच्या अभ्यासात जनुकसंचातल्या आठ जागा सापडल्या. आजाराचं नातं मनाइतकंच चयापचयाशीही आहे, असं त्यातून दिसलं. हे सगळे रुग्ण युरोपीय वंशाचे होते, हे मात्र आपण विसरायचं नाही.

आता आईला सोडून जनुकाला आरोपी करायचं का? नाही. १६ पैकी सात जोड्यांत दुसरी बहीण आजारी नव्हती. वारशानं येते ती प्रवृत्ती. ती नियती नव्हे. शिवाय जनुक कारणांपैकी एक असू शकतं, दोषी असू शकत नाही. दोष देण्यासाठी निवड असावी लागते, आणि मुलीला काय वारसा द्यायचा हे कुठल्या आईनं निवडलंय?

लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात आईवडिलांनाच उपचारात सहभागी करून घेतलं गेलं. गल यांनी ज्यांना दूर ठेवलं, तीच माणसं ताटाशी परत आली. आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या केलेल्या आईच्या हातून असं काम होत नसतं, एवढं आपण लक्षात ठेवू.