सही जुळत नाही!

आमच्या वाडीत गणपतीच्या दिवसांत भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन पिक्चर दाखवायची पद्धत होती. पहिला धार्मिक, म्हाताऱ्यांसाठी. दुसरा कौटुंबिक, आयांना रडता यावं म्हणून. आणि रात्री दोननंतर जो कोणी जागा उरेल त्याच्यासाठी ब्रूस ली. अकराव्या वर्षी मी असाच जागा उरलो आणि माझी घोर फसवणूक झाली. पडद्यावरचा इसम किंचाळत होता, अंगठ्याने नाक पुसत होता, उड्या मारत होता. सगळं रीतसर चाललं होतं. पण पिक्चरच्या शेवटी तो मेला, तेव्हा शेजारचा बंड्या गरजला, "अरे, हा तो नव्हेच!"

"कशावरून?"

"येडा आहेस का? मेलेला माणूस स्वतःच्याच मरणाचं शूटिंग कसं करील?"

बंड्या गणितात नापास होत असे, पण या तर्कापुढे मी गप्प बसलो.

पुढे मी बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहणे, हा माझा पोटापाण्याचा धंदा. 'ल'ची शेपटी जरा वळली की आम्ही चेक परत करतो. आणि खातेदार वारला असं कळलं, की त्या खात्याला कुलूप. वारस कागदपत्रं घेऊन येईपर्यंत कोणीही, अगदी व्याकुळ चेहऱ्याने आला तरी, एक पैसा काढू शकत नाही. हा नियम जगात कुठे धाब्यावर बसवला गेला असेल, तर तो हाँगकाँगच्या सिनेमाधंद्यात.

ब्रूस ली वारला २० जुलै १९७३ रोजी. वय बत्तीस. मेंदूला सूज आली, हे कारण. मोठेपणी कुंगफूचा नायक म्हणून त्याने पुरे केलेले चित्रपट अवघे चार, आणि त्यांतला 'एंटर द ड्रॅगन' तर तो गेल्यावर महिन्याभराने झळकला. म्हणजे जगाला त्याचं वेड लागलं, तेव्हा तो जगातच नव्हता. आता मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत आम्ही एफ.वाय.ला पाठ केला होता. मागणी अफाट आणि पुरवठा कायमचा बंद, अशा वेळी बाजारात काय येतं? डुप्लिकेट!

तैवानचा हो चुंग-ताओ 'ब्रूस ली' झाला. फक्त इंग्रजीत दोन 'ई'च्या जागी एक 'आय'. ब्रह्मदेशात जन्मलेला दुसरा एक जण 'ब्रूस ले' झाला. कोरियातला तिसरा 'ड्रॅगन ली'. शुद्धलेखनाच्या एका चुकीने आम्हांला शाळेत छड्या मिळत. या लोकांना पिक्चर मिळाले. आणि देवनागरीत तर 'ली' ती 'ली'च. आमच्या वाडीला फरक कळावा तरी कसा!

चरित्रपट तर धडाधड आले. १९७६ साली शॉ ब्रदर्सने 'ब्रूस ली अँड आय' काढला. ज्या अभिनेत्रीच्या घरी ब्रूस लीने प्राण सोडला, ती बेटी टिंग पेई त्यात स्वतःच नायिका होती, स्वतःच्याच भूमिकेत! आपल्याकडे तेराव्यापर्यंत शेजारचा रेडिओसुद्धा हळू लागतो. त्याच वर्षीच्या 'ब्रूस ली: द मॅन, द मिथ'च्या शेवटी तर त्याच्या मृत्यूबद्दलचे निरनिराळे तर्कच मांडले. त्यांतला एक असा, की तो मेलेलाच नाही, लपून बसला आहे आणि १९८३ साली परत येईल. १९८३ साली कपिलदेव वर्ल्ड कप घेऊन आला. ब्रूस ली काही आला नाही.

जिवंतपणीची गोष्ट संपली, तेव्हा मेल्यानंतरची सुरू झाली. १९७७च्या 'द ड्रॅगन लिव्हज अगेन'मध्ये ब्रूस ली पाताळात जातो. तिथे त्याला ड्रॅक्युला, जेम्स बाँड आणि पालक खाणारा पॉपॉय भेटतात. 'द क्लोन्स ऑफ ब्रूस ली'मध्ये एक प्रोफेसर मृत ब्रूस लीपासून तीन ब्रूस ली तयार करतो. निर्माते जे करत होते, तेच प्रोफेसर करतो. या सगळ्या पिक्चरांतला एवढाच एक मला प्रामाणिक वाटला.

हसायला येतं खरं. पण आपण मराठी माणसांनी फार हसू नये. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे त्यांचा तोतया उभा राहिला. त्याला माणसं मिळाली, फौज मिळाली, किल्ले मिळाले. १७७६ साली त्याला देहदंड झाला. लोक काय बावळट होते? भाऊ गेले, हे पार्वतीबाईंनीही कधी मनापासून मानलं नाही. तोतया नुसत्या लबाडीवर उभा राहत नाही. 'तो परत आला तर किती बरं होईल' या लोकांच्या इच्छेवर उभा राहतो. पहाटे तीन वाजता मीही डोळे चोळत 'हाच तो, हाच तो' म्हणत होतोच की!

आता बंड्याच्या तर्काकडे येतो. 'गेम ऑफ डेथ' हा ब्रूस लीचा अर्धवट राहिलेला चित्रपट. तो १९७८ साली 'पुरा' करून लावला. त्याने स्वतः केलेल्या मारामारीतली जेमतेम अकरा मिनिटं त्यात आहेत. बाकी सगळे डमी. एका दृश्यात तर आरशावर त्याच्या तोंडाचा पुठ्ठा चिकटवला आहे. कथेत नायक मेल्याचं सोंग करतो, त्यासाठी अंत्ययात्रा हवी होती. ती त्यांनी बनवली नाही. ब्रूस लीची खरीच अंत्ययात्रा पडद्यावर दाखवली. उघड्या पेटीतल्या त्याच्या चेहऱ्यासकट. तो गेला तेव्हा मुलगा आठ वर्षांचा होता, मुलगी चारची. बंड्या, तू चुकलास रे! मेलेला माणूससुद्धा स्वतःच्या मरणाचं काम करू शकतो. फक्त त्याला कोणी विचारत नाही.

आणि तो हो चुंग-ताओ? त्याचा राग येत नाही मला आता. चपळ, मेहनती गडी होता. पण पोस्टरवर नाव दुसऱ्याचं, चेहऱ्यावर गॉगल दुसऱ्याचा, किंकाळीही दुसऱ्याचीच. पुढे सिनेमा सोडून तो तैवानमध्ये शारीरिक शिक्षण शिकवू लागला. पगाराच्या मस्टरवर तरी त्याने स्वतःच्या नावाने सही केली असेल.

ती सही मी आनंदाने पास केली असती. नमुन्याचं कार्डसुद्धा न बघता.