सौंदर्यस्पर्धेची तयारी : कोच निवडताना तब्येतीचे काय विचारावे?

सौंदर्यस्पर्धेसाठी कोच लावायचे ठरले की घरात दोन गोष्टींची चर्चा होते : फी किती आणि या क्लासमधून आधी कोण जिंकले. तब्येतीचा विषय मागे पडतो. मार्केट यार्ड परिसरात प्रॅक्टिस करताना माझा अनुभव असा, की अशी तयारी करणारी मुलगी दवाखान्यात येते ती चक्कर, केसगळती किंवा चुकलेली पाळी घेऊन. स्पर्धेचा उल्लेख चार प्रश्न विचारल्यावर होतो. म्हणून कोचचे काम कुठे संपते हे आधीच माहीत असलेले बरे.

कोचचे काम कोणते?

रॅम्पवर चालणे, उभे राहण्याची ढब, मंचावरचा वावर, कॅमेऱ्याची सवय, कपड्यांची निवड आणि प्रश्नोत्तरांची तयारी. १९९२ मध्ये मधू सप्रे मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसऱ्या आल्या. पंतप्रधान झाले तर क्रीडासंकुल उभारीन, या त्यांच्या शेवटच्या फेरीतील उत्तराची आजही चर्चा होते. स्पर्धेत बोलण्याला एवढे वजन असते. ते शिकवणारा कोच नक्की उपयोगी पडतो.

औषध, इंजेक्शन, औषधी क्रीम किंवा उपासाचा कोर्स सुचवणे मात्र त्याचे काम नाही. कोच होण्यासाठी सरकारी परवाना किंवा ठरावीक पदवी लागत नाही, म्हणून पारख तुम्हालाच करावी लागते.

वजनाची सीमारेषा

किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. प्रौढांमध्ये तो १८.५ च्या खाली जाऊ नये. उंची १७० सेंटीमीटर असेल तर ही सीमा सुमारे ५३.५ किलोवर येते. वजन खरोखर जास्त असेल तर आठवड्याला अर्धा ते एक किलो कमी होणे सुरक्षित मानतात. 'पंधरा दिवसांत आठ किलो' असे आश्वासन मिळाले तर त्यात चरबीपेक्षा पाणी आणि स्नायूच अधिक जातात.

शरीराला पुरेसे अन्न मिळाले नाही की मेंदू पाळीचे चक्र थांबवतो. इस्ट्रोजेन कमी होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. हाडांची मजबुती विशीतच पूर्ण होत असते, त्यामुळे या वयातले नुकसान पुढे पूर्णपणे भरून येईलच असे नाही. २००६ मध्ये उरुग्वे आणि ब्राझीलमधील दोन तरुण मॉडेल अतिउपासाच्या काळात दगावल्या. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन वीकने १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मॉडेलना रॅम्पवर मनाई केली.

या गोष्टी सुचवल्या तर थांबा

- लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, जुलाब, पाणी तोडणे : रक्तातले पोटॅशियम घसरते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात.
- थायरॉइडचा आजार नसताना थायरॉइडच्या गोळ्या : धडधड, हातांना कंप, हाडांची झीज.
- 'गोरे करणारी' क्रीम : अनेकांत स्टिरॉइड असते. त्याने त्वचा पातळ होते, मुरुमे आणि लव वाढते, बंद केल्यावर चेहरा लाल होऊन जळजळतो. लेबल नसलेल्या क्रीममध्ये पाराही असू शकतो. अकोल्यात एकाच कुटुंबातील तिघींना अशा क्रीमनंतर मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासल्यावर त्या क्रीममध्ये पारा आढळला.
- ग्लुटाथायोनची इंजेक्शने : गोरेपणासाठी ती सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा नाही.

फी भरण्यापूर्वी विचारा

१. आहार कोण ठरवते? त्यांची आहारशास्त्रातली पदवी कोणती?
२. पाळी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सुरू असलेली औषधे यांची चौकशी करता का?
३. त्वचेचा डॉक्टर सुचवत असाल तर त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय?
४. मुलगी आजारी पडली तर क्लास थांबवता येतो का? फी परत मिळते का?
५. पालकांना वर्गात बसू देता का? मुलगी अठराच्या आतली असेल तर हा प्रश्न सोडू नका.
६. सगळ्यांसमोर वजन करता का?

चांगला कोच या प्रश्नांनी चिडत नाही. 'डॉक्टर घाबरवतात, माझ्यावर विश्वास ठेवा' असे उत्तर आले तर दुसरा कोच बघा. शक्य असेल तर पहिल्यांदा एका महिन्याचीच फी भरा.

तयारी सुरू करताना

आपल्या फॅमिली डॉक्टरांकडून वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि गरजेप्रमाणे थायरॉइड तपासून घ्या. महागड्या पावडरीशिवायही आहार नीट राखता येतो. भाकरी किंवा पोळी, डाळ, मोडाच्या मटकीची उसळ, दही, अंडी किंवा मासे, हिरवी पालेभाजी आणि हंगामातले फळ पुरेसे आहे. उंच टाचांचा सराव रोज थोडा थोडा वाढवा. सात तासांची झोप मोडू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- सलग तीन महिने पाळी न येणे (गर्भधारणेची शक्यता असेल तर एखादा आठवडा उशीर झाला तरी तपासणी करावी)
- वारंवार चक्कर, थंडी वाजणे, केस गळणे
- जेवण लपवणे किंवा टाकणे, जेवणानंतर उलटी काढणे
- सतत आरशात पाहून स्वतःला नावे ठेवणे, एकटे राहणे

बेशुद्ध पडणे, छातीत धडधड किंवा खूप अशक्तपणा असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. मन खचले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. जिवाला धोका वाटला तर तिला एकटे सोडू नका.

घरच्यांसाठी

'आज किती वजन उतरले?' हा प्रश्न कोच विचारतो, घरचेही विचारतात, आणि मुलीला दिवसभर तेवढेच ऐकू येते. त्याऐवजी आज काय शिकलीस, जेवलीस का, हे विचारा. पाळीची तारीख तिने कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तयारी शरीराला झेपते आहे की नाही, हे त्या कॅलेंडरवर वजनकाट्याच्या आधी दिसू शकते.