सच्छिद्र पाषाणाची कथा

रोम शहरांतील कोलोसियम या प्राचीन क्रीडागाराच्या भिंती जवळून पाहिल्या असतां त्यांवर दोन प्रकारचीं छिद्रें आढळतात. कांहीं बारीक व वेडींवांकडीं; कांहीं चांगलीं मुठीएवढीं, शिळांच्या सांध्यांशीं खोदलेलीं. पहिलीं निसर्गानें पाडलीं, दुसरीं मनुष्यानें. या दोहोंची हकीकत सांगितली म्हणजे ट्रॅव्हर्टाइन नामक दगडाचा इतिहास बव्हंशीं सांगून झाला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

रोमच्या पूर्वेस सुमारें ३० किलोमीटरांवर तिवोली हें गांव आहे. त्याचें प्राचीन नांव तिबुर. त्याच्या पायथ्याच्या मैदानांत गंधकयुक्त झरे आहेत. त्यांच्या पाण्यांत चुना विरघळलेला असतो. पाणी वर आलें कीं त्यांतील वायु उडून जातो आणि चुन्याचे थर शेवाळावर व लव्हाळ्यांवर बसत जातात. पुढें वनस्पति कुजते, परंतु तिची जागा दगडांत पोकळच राहते. हा ‘तिबुरचा दगड’. त्याच्या लॅटिन नांवावरूनच ट्रॅव्हर्टाइन हा शब्द निघाला.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस यानें या दगडाची पारख नेमकी केली होती. हा भार सोसतो, ऊनपाऊसही सोसतो. अग्नि मात्र त्यास सोसत नाहीं, असा त्याचा अभिप्राय. इ. स. ८० मध्यें टायटस बादशहानें कोलोसियमचें उद्‌घाटन केलें. त्याच्या बाहेरील कमानी व खांब याच दगडाचे आहेत. शिळा चुन्यानें न जोडतां लोखंडी आंकड्यांनीं जखडल्या होत्या. २१७ मध्यें वीज पडून इमारतीस मोठी आग लागली. १३४९ च्या भूकंपांत दक्षिण बाजू ढासळली. तथापि मनुष्याचा लोभ या आपत्तींहून कमी ठरला नाहीं. मध्ययुगांत लोखंडासाठीं सांधे फोडण्यांत आले. पडलेल्या शिळा नव्या वाड्यांसाठीं व देवळांसाठीं वाहून नेल्या. त्या लुटीचे व्रण म्हणजे तीं मोठीं छिद्रें होत.

दगडाची कीर्ति मात्र ओसरली नाहीं. १६५६ मध्यें बर्निनीनें सेंट पीटर्सपुढील चौकाभोंवतीं २८४ स्तंभांची रांग आरंभिली, ती ट्रॅव्हर्टाइनचीच. आणि १९९७ मध्यें लॉस एंजेलिस येथें उघडलेल्या गेटी केंद्राच्या भिंतींसाठीं तिवोलीच्याच खाणींतून दगड गेला.

आज हाच दगड फरशीच्या रूपानें सामान्य घरांतही येतो. त्याचीं छिद्रें बहुधा सिमेंटानें किंवा राळेसारख्या द्रव्यानें बुजवून त्यास घोटतात. परंतु चुन्याचा स्वभाव पालटत नाहीं. लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ सांडून राहिला, तर आम्लानें त्याचें तेज जातें. म्हणून तो दिवाणखान्यांत शोभतो, ओट्यावर मात्र जपावा लागतो. विट्रुव्हियसनें गुणाशेजारीं दोष मांडून ठेविला, त्यास दोन हजार वर्षें झालीं. फरशी निवडतांना आपण रंग आणि किंमत विचारतों; त्यासोबत तिला काय सोसत नाहीं, हेंही विचारावें.