घरची शाळा आणि घरचें वैद्यक

मुलांस शाळेंत न घालतां घरींच शिकविण्याची चाल अलीकडे पुण्यामुंबईच्या कांहीं सुशिक्षित कुटुंबांत पुन्हां दिसूं लागली आहे. ती योग्य कीं अयोग्य हा वाद येथें करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या घरांचें एक लक्षण आमच्या ध्यानांत आलें आहे. जें घर मुलाचें शिक्षण स्वतःकडे घेतें, तें बहुधा त्याचें वैद्यकही स्वतःकडे घेतें. मुलानें किती वाजतां निजावें, थंड पाण्यानें न्हावें कीं ऊन पाण्यानें, दूध किती घ्यावें, ताप आल्यास डॉक्टरांकडे केव्हां जावें, हे प्रश्न तेथें पाठ्यक्रमाइतक्याच उत्साहानें चर्चिले जातात. आणि एका घरचा अनुभव दुसऱ्या घरीं सल्ला म्हणून पोंचतो.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरची गोष्ट सांगतों. त्यानें आणि त्याच्या पत्नीनें आपल्या मुलीला घरींच शिकविलें. मुलगी हुशार, पण नवव्या वर्षाच्या सुमारास ती बाहेर खेळावयास नाखूष झाली, चेंडू तिच्या हातून सुटूं लागला, आणि ती सदा पुस्तकांत डोकें खुपसून बसूं लागली. अशाच इतर कुटुंबांना विचारतां कोणी हा अशक्तपणा ठरवून खारीक-खोबरें सांगितलें, कोणी आळस ठरवून पहाटेचे सूर्यनमस्कार सांगितले, कोणी पुस्तकें कांहीं दिवस कपाटांत बंद ठेवा म्हणून सुचविलें. आईबापांनीं सर्व निष्ठेनें केलें. दीड वर्षानंतर कोंकणांतून आलेल्या तिच्या आजोबांनीं सहज तिला समोरून येणाऱ्या गाडीची पाटी वाचावयास सांगितली, तेव्हां ती तिला दिसतच नाहीं असें कळून आलें. चष्मा लागला आणि पंधरा दिवसांत चेंडू हातांत बसूं लागला. शाळेंत असती तर फळ्यावरचें दिसत नाहीं ही गोष्ट पहिल्याच महिन्यांत उघड झाली असती. घरीं फळा नव्हता. सारी विद्या हातभर अंतरावर होती.

हें ऐकल्यापासून आमच्या मनांत तीन जुनीं घरें घोळत आहेत. तिन्ही आपल्या देशांतील नव्हेत. परंतु घरच्या शिक्षणाबरोबर घरच्या आरोग्याचा विचार ज्या ग्रंथानें इंग्रजी वाचकांपुढें ठळकपणें मांडला, त्याच्याशीं त्यांचा संबंध आहे. तो ग्रंथ म्हणजे जॉन लॉक याचा शिक्षणविषयक विचारांचा, १६९३ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ होय.

लॉक तत्त्ववेत्ता म्हणून आपणांस ठाऊक असतो. तो वैद्यही होता, हें मात्र आपण विसरतों. लॉर्ड ॲश्ले या सरदाराच्या यकृतावरील गळूची शस्त्रक्रिया १६६८ सालीं त्याच्याच देखरेखीखालीं झाली होती. पुढें राजकीय संकटामुळें १६८३ सालीं त्यास हॉलंडांत आश्रय घ्यावा लागला. सॉमरसेट परगण्यांतील चिप्ली येथें एडवर्ड क्लार्क नांवाचा त्याचा स्नेही राहत असे. आपल्या मुलास कसें वाढवावें, असें क्लार्कनें विचारलें. आणि १६८४ पासून लॉक त्याला पत्रें लिहूं लागला. हींच पत्रें पुढें ग्रंथरूपानें बाहेर आलीं. लॉक अविवाहित होता. एका मुलाच्या बापानें एका ब्रह्मचाऱ्यास विचारलेल्या सल्ल्यांतून हें प्रसिद्ध शास्त्र जन्मास आलें, ही गोष्ट मौजेची खरी; तथापि तो ब्रह्मचारी वैद्य होता आणि त्यानें पुष्कळ घरांतील मुलें लक्षपूर्वक पाहिलीं होतीं.

ग्रंथाचा आरंभ अभ्यासानें होत नाहीं, शरीरानें होतो. मोकळी हवा, भरपूर झोंप, साधें अन्न, सैल कपडे, उघडें डोकें, कठीण बिछाना, शौचाची नियमित वेळ, आणि औषध शक्य तितकें कमी, असा त्याचा एकंदर कल आहे. मुलींना कांचोळ्यांत आवळून बांधण्याच्या तत्कालीन चालीस तो कडक विरोध करतो. थोडें कांहीं झालें कीं वैद्यास बोलावूं नये, आणि रोग होऊं नये म्हणून आधींच औषध देण्याचा मूर्खपणा तर मुळींच करूं नये, असें हा वैद्यच बजावतो. तीनशें वर्षांनंतरही यांतील बहुतेक भाग आपल्या बुद्धीस पटतो.

पण त्याच पानांवर दुसरेंही आहे. मुलाचे पाय रोज थंड पाण्यांत धुवावे, इतकेंच नव्हे, तर त्याचे जोडे इतके पातळ असावे कीं पाणी आंत शिरावें, अशी लॉकची आज्ञा आहे. चेहरा उघडा असून थंडी सोसतो, मग पायांनींच कां सोसूं नये, असा त्याचा युक्तिवाद. फळांविषयींही त्याचे नियम असेच. टरबूज, पीच, बहुतेक जातींचे आलुबुखार आणि द्राक्षें मुलांस वर्ज्य. सफरचंद व नाशपाती मात्र पिकलेलीं असल्यास चालतील. हे नियमही सैल कपड्यांच्या नियमाइतक्याच ठाम शब्दांत सांगितलेले आहेत. कोणता नियम पाहण्यांतून आला आणि कोणता केवळ तर्कांतून, हें वाचणाऱ्या आईस कळण्यास मार्ग नाहीं. गंमत अशी कीं, जोड्यांच्या या नियमाविरुद्ध घरची मालकीण आणि दासी दोघीही उठतील, ही भीति लॉकला लिहितांनाच वाटत होती. मूल ज्यांच्या हातांत होतें त्यांचा आक्षेप त्याला आधींच दिसला. परंतु त्यानें तो भित्रेपणा समजून बाजूस सारला. आमच्या मतें त्यानें त्या बायकांचें थोडें ऐकावयास हवें होतें.

दुसरें घर डब्लिन येथील विल्यम मॉलिन्यू याचें. त्याची पत्नी विवाहानंतर थोड्याच काळांत आजारानें आंधळी झाली आणि १६९१ सालीं वारली. मागें सॅम्युएल नांवाचा लहान मुलगा राहिला. जन्मांध माणसास एकाएकीं दृष्टि लाभली, तर स्पर्शानें ओळखीचा असलेला गोल आणि घन तो केवळ पाहून ओळखील काय, हा तत्त्वज्ञानांतील प्रसिद्ध प्रश्न लॉकपुढें मांडणारा मॉलिन्यू तो हाच. १६९२ पासून दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला, आणि लॉकचा ग्रंथ हातीं येतांच या विधुर बापानें त्यावरहुकूम आपल्या मुलाचें संगोपन आरंभिलें.

परंतु मॉलिन्यू हा नुसता भक्त नव्हता. मूल हट्टानें जें मागेल तें त्याला कधींही देऊं नये, हा नियम त्याला फार कठोर वाटला. खेळांत तरी मुलास आपली आवड सांगूं द्यावी, नाहींतर तें मनांतलें बोलणेंच सोडून देईल, अशा अर्थाचा आक्षेप त्यानें १६९३ सालीं लिहून कळविला. लॉकनें तो मनावर घेतला. शरीराची गरज आणि मनाची लहर यांत भेद आहे, आणि खेळांत मुलास मोकळीक असावी, हें त्यानें पुढील आवृत्तींत विस्तारानें स्पष्ट केलें. या एका पत्रास आम्ही मोठें महत्त्व देतों. येथें सल्ला एका घरांतून निघाला, दुसऱ्या घरांत प्रत्यक्ष मुलावर कसाला लागला, आणि दुरुस्त होऊन परत मूळ ठिकाणीं आला. सल्ल्याला परतीची वाट होती.

दोघे मित्र प्रत्यक्ष भेटले तें एकदांच, १६९८ च्या उन्हाळ्यांत. घरीं परतल्यावर त्याच वर्षीं मॉलिन्यू वारला. नऊ वर्षांच्या सॅम्युएलची जबाबदारी त्याच्या चुलत्यानें, टॉमस मॉलिन्यू या वैद्यानें, उचलली. हाच सॅम्युएल पुढें ज्योतिषी झाला. १७२५ सालीं क्यू येथील आपल्या घरीं त्यानें मोठी दुर्बीण उभारली आणि जेम्स ब्रॅड्ले याच्यासह एका ताऱ्याचें निरीक्षण आरंभिलें. पृथ्वीच्या गतीमुळें ताऱ्यांचीं स्थानें किंचित् सरकलेलीं दिसतात, हा ब्रॅड्लेचा शोध त्यांतूनच निघाला. हें लॉकच्या पद्धतीचें फळ, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. एका मुलावरून पद्धतीची परीक्षा होत नसते. घरच्या शाळांनीं हें विशेषच लक्षांत ठेवावें.

तिसरें घर आयर्लंडांतील रिचर्ड लव्हेल एजवर्थ याचें. १७६२ सालीं रूसोचा ‘एमील’ प्रसिद्ध झाला आणि मुलास निसर्गाच्या हवालीं करण्याचें वेड यूरोपांत पसरलें. तरुण एजवर्थनें १७६४ सालीं जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलावर हा प्रयोग अक्षरशः केला. मूल अनवाणी, उघड्या हातांनीं, ऊनपावसांत वाढलें; तें काटक झालें, निर्भय झालें, आणि कोणाचेंही ऐकेनासें झालें. १७७१ सालीं बापानें त्याला पॅरिस येथें खुद्द रूसोपुढें नेलें. रूसो त्याला घेऊन फिरावयास गेला, आणि परत आल्यावर त्यानें मुलाच्या हुशारीबरोबर त्याचा दुराग्रहही बापास सांगितला. आपलीं स्वतःचीं अपत्यें अनाथालयांत ठेवणाऱ्या या ग्रंथकारास दुसऱ्याच्या मुलांतील दोष एका फेरफटक्यांत दिसला. बापास तो कित्येक वर्षें दिसला नव्हता. तो मुलगा पुढें समुद्रावर गेला, अमेरिकेंत राहिला आणि १७९६ सालीं वारला.

एजवर्थचा मोठेपणा असा कीं, त्यानें आपली चूक झांकली नाहीं. त्याची दुसरी पत्नी ऑनोरा हिनें घरांतील मुलांच्या प्रश्नोत्तरांची टांचणवही ठेवण्यास आरंभ केला. मूल काय बोललें, कोठें अडलें, कशानें कंटाळलें, हें जसेंच्या तसें लिहून ठेवावयाचें, मत मागाहून. एजवर्थला चार विवाहांपासून बावीस अपत्यें झालीं, तेव्हां पाहण्यास मुलांची वाण नव्हती. या वहीचा उपयोग करून बापानें आणि मारिया या कन्येनें १७९८ सालीं ‘व्यावहारिक शिक्षण’ या अर्थाच्या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें पहिलेंच प्रकरण खेळण्यांविषयीं आहे. पाठ लहान असावे, मूल थकण्यापूर्वीं थांबावें, हा त्यांतील उपदेश त्या टांचणांतून आलेला आहे. पहिल्या मुलावर एका पुस्तकाचा अंमल चालला. धाकट्यांनीं एक पुस्तक लिहावयास लाविलें.

तथापि या दक्ष घराचीही एक मर्यादा होती, आणि ती सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. ऑनोरा १७८० सालीं क्षयानें गेली. तिच्याच नांवाची तिची मुलगी १७९० सालीं पंधराव्या वर्षीं त्याच रोगानें गेली. तिच्या पश्चात् गृहिणी झालेली तिची बहीण एलिझाबेथ हीही १७९७ सालीं क्षयानेंच गेली. एकाच कुटुंबांतील तीन माणसें. लिहिणारीं, पाहणारीं, विचारी माणसें. क्षय हा जंतूंमुळें होतो आणि एकापासून दुसऱ्यास लागतो, हें कॉखनें १८८२ सालीं दाखविलें. कितीही प्रेमानें आणि बारकाईनें पाहिलें असतें, तरी त्या टांचणवहींतून हें ज्ञान निघणें शक्य नव्हतें. देवीच्या लशीचीही तीच गोष्ट. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत यशस्वी झालेलें हें पहिलें टोंचण. पुढें पाऊणशें नव्हे, पावणेदोनशें वर्षांनीं या देशांतून देवीचा रोग नाहींसा झाला. आमच्या मुलास लस न टोंचतां कांहीं झालें नाहीं, असें एखादें घर खरेपणानें म्हणूं शकेल. पण तें घर ज्या हजारों घरांच्या आश्रयानें सुरक्षित राहिलें, तीं त्याला आपल्या खिडकींतून दिसत नाहींत.

आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न वेगळ्या रीतीनें सुटत असे. बाळगुटी उगाळणारी आजी, तिला अडविणारी आत्या, माहेरची रीत सांगणारी सून आणि सगळ्यांना हंसणारे शेजारी, अशा वादांतून सल्ला तावून निघे. त्यांतही भयंकर गोष्टी होत. गिरणींत कामास जाणाऱ्या आया तान्ह्या मुलास अफूची गोळी देत, ती कोणाच्या तरी सल्ल्यावरूनच. म्हणून जुनें तें सगळें शहाणें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाहणारे डोळे अनेक होते. आजचें घर तीन-चार माणसांचें. त्यांतही मूल शाळेंत जात नाहीं, म्हणजे शिक्षकांची नजर नाहीं, सोबत्यांशीं तुलना नाहीं, शाळेंतली तपासणी नाहीं. उरतात तीं समविचारी कुटुंबें. तीं सल्ला भरपूर देतात. पण समविचारी असल्यामुळेंच मॉलिन्यूसारखा आक्षेप क्वचित् घेतात.

शाळा सोडणाऱ्या घरांस आमची विनंती एवढीच आहे. सल्ला घ्यावा, द्यावा; पण त्याचें पुढें काय झालें, हेंही उलट कळवावें, आणि फसला असेल तर अधिक मोठ्यानें कळवावें. घरांत एक टांचणवही असावी. आणि वर्षांतून एकदां तरी मुलास अशा माणसापुढें न्यावें, कीं ज्याला आपल्या पद्धतीचें कौतुक नाहीं: डोळे, कान, दांत, वजन पाहणारा डॉक्टर, किंवा गांवाहून आलेले आजोबा. शाळेचे दोष अनेक आहेत. आम्ही त्यांतच जन्म घालविला, तेव्हां ते आम्हांस कोणी सांगावयास नको. परंतु शाळा मुलाला आईबापांहून निराळ्या माणसांच्या दृष्टीस पाडते. शाळा नको असेल तर नको. हें काम मात्र कोणीतरी केलें पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं आतां भिंतीवर एक फळा आला आहे. मुलीला त्याची गरज उरलेली नाहीं. तिच्या पाठच्या भावासाठीं तो लावला आहे, आणि तो खोलीच्या दुसऱ्या टोंकास लावला आहे.